मनगटातली शीर

शकुंतलेच्या हाताला काय झालंय हे जोयड्याच्या डॉक्टरीणबाईंनी बसल्या जागी सांगितलं. ते लपवायच्या नादात घरच्यांनी अख्खं वर्ष घालवलं, हातही घालवला, आणि इतकं करून ते लपलं नाहीच.

बाजारकुणंगच्या पुढं रान दाट होत जातं तिथं आठ-दहा उंबऱ्यांची एक वाडी आहे. लखू तिथला, शकुंतला त्याची बायको. दोन तुकडे भाताचे, परसात कणगर कंदांचे वेल, आणि बाकी सगळं जंगल. त्यातलं वाळकं लाकूडही हल्ली विचारून उचलावं लागतं. कार्तिक लागला की वाडीतल्या बायका खालच्या अंगाला भटांच्या बागेत सुपारी सोलायला जात. पाटाला उभी पात ठोकलेली असते. तिच्यावर ओली सुपारी दाबायची, मनगट पिळायचं, साल बाजूला आणि गोटा टोपलीत. दिवसभर तेच. बायका अंगणात गोल करून बसतात आणि एखादीची जागा रिकामी राहिली तर बाकीच्यांना तोंडी लावायला विषय मिळतो. शकुंतला लग्न होऊन आल्यापासून त्या गोलात बसत आली होती. तिची टोपली सगळ्यांच्या आधी भरायची, त्यामुळं तिच्या पाठीमागं नाकं मुरडणाऱ्याही पुष्कळ होत्या.

तिच्या त्या उजव्या हाताला आधी रात्री मुंग्या यायला लागल्या. झोपेतून उठून हात झाडला की बरं वाटे. मग दिवसाही येऊ लागल्या, अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना. तांब्या हातातून सुटायचा. सुईत दोरा ओवायचं तिनं सोडूनच दिलं. अशात एकदा भाकरी उलटताना तिचं बोट तव्याला चिकटून राहिलं आणि ते तिला कळलं ते वासावरून.

ती चुलीपुढून उठली ती थेट परसात जाऊन बसली. तिला गुणा आठवला.

गुणा म्हणजे लखूचा चुलता. शकुंतला नवी नवरी होऊन आली तेव्हा तो शेताच्या टोकाला खोपीत राहायचा. त्याची बोटं झडलेली. बिडी बोटापर्यंत जळत यायची तरी त्याला पत्ता नसायचा. त्याचं जेवण पोचवायचं काम नव्या सुनेकडं होतं. पानात भात घ्यायचा, खोपीसमोरच्या धोंड्यावर ठेवायचा, चार पावलं मागं सरायचं, मग हाक मारायची. तो म्हातारा धोंड्यापर्यंत यायचा आणि पान उचलायच्या आधी हसून म्हणायचा, "जेवलीस काय गो बाय?" ती उत्तर न देता पळायची. त्या पळण्याची तिला पुढं आयुष्यभर लाज वाटली. वाडीत कुणी विचारलं तर घरचे सगळे एकच सांगत, गुणाची शीर दबलीय. हात आखडलाय, दुसरं काही नाही. लखूची थोरली बहीण लाडूअक्का, तिनंच हे उत्तर बसवून दिलं होतं. तिचं स्वतःचं रखडलेलं लग्न तेव्हा जुळत होतं. शीर दबलीय. कुणाचा विश्वास बसला नाही, पण तोंडावर कुणी काही बोललंही नाही, आणि अक्काचं लग्न पार पडलं.

तर त्या भीतीनं शकुंतला दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी लखूनं तिला बशीत घातलं आणि जोयड्याला नेलं.

डॉक्टरीणबाई धारवाडकडची, कोवळ्या वयाची, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारी. तिनं शकुंतलेचा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या सहज धरला की शकुंतलेला रडूच आलं. बाईनं मनगट वाकवून धरून ठेवलं तशा मुंग्या आल्या. मग टाचणी घेतली. अंगठ्याला टोचली, काही नाही. पुढच्या दोन बोटांना टोचली, लांबून कुणी हात लावल्यासारखं. करंगळीला टोचली आणि शकुंतला "आई गं" करून ओरडली.

"बघा," डॉक्टरीण हसून म्हणाली, "करंगळी ओरडते. तिची शीर वेगळी. अंगावर कुठं चट्टा नाही, काही नाही. भिऊ नका अम्मा, हा महारोग नव्हे. असता तरी आता गोळ्या आहेत, पूर्ण बरा होतो. तुमची मनगटातली शीर दबलीय, एवढंच."

लखू आणि शकुंतलेनं एकमेकांकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी घरातली खोटी गोष्ट खरी होऊन समोर आली होती.

"मग कापायचं काय?" लखूनं विचारलं.

"कशाला कापायचं? वेळेवर आलात." बाईनं कपाटातून एक पट्टा काढला, आतून पत्र्याची पट्टी असलेला. "हा रोज रात्री बांधून झोपायचं, म्हणजे मनगट सरळ राहतं, शिरेला श्वास मिळतो. सुपारी सोलणं बंद. ह्या वर्षी अजिबात नको. बोटांचे हे व्यायाम. एवढ्यानं नाही उतरलं तर मनगटात एक इंजेक्शन देऊ. ऑपरेशनची पाळीच येणार नाही." मग तिनं शकुंतलेच्या अंगठ्याखालचा मांसाचा उंचवटा दाबून दाखवला. "फक्त हा बसू द्यायचा नाही. हा एकदा सपाट झाला की मग मी काय, कुणीच तो परत आणू शकत नाही. आणि तोवर गरम-गार बघायचं झालं तर डाव्या हातानं बघा, नाहीतर करंगळीनं. उजव्याची ही तीन बोटं आता खोटं बोलतात."

येताना शकुंतला बशीत खिडकीशी बसली होती. तिनं लखूला न विचारता पिशवीतला पट्टा काढून मांडीवर घेतला आणि घरापर्यंत त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

घरी त्याच वेळी दुसरी गडबड चालली होती. मयूरीची, त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, सोयरीक ठरत आली होती. मुलगा दत्तप्रसाद, कॅसलरॉकला रेल्वेच्या गँगमध्ये कायमचा लागलेला. रामनगरला घर. मुलाची आई द्रुपदाबाई येऊन पोरगी बघून गेली होती आणि जाताना तिनं मयूरीच्या हातात खोबऱ्याची वाटी ठेवली होती, म्हणजे पसंत. मार्गशीर्षात उरकून टाकायचं ठरत होतं. जंगलातल्या वाडीत रेल्वेचा जावई म्हणजे काय ते ज्याला लेक आहे त्यालाच कळेल. मयूरी मांडवाआधीच आगगाडीच्या वेळा पाठ करून बसली होती.

पट्ट्याचा गुण आठ दिवसांत दिसला. रात्रीची झोप लागू लागली. एका सकाळी शकुंतलेला अंगठ्यानं शेंगदाण्याचं टरफल फोडता आलं आणि तिनं ते लखूला दाखवायला गोठ्यापर्यंत नेलं. लखू म्हणाला, "ह्यात काय मोठं?" पण तोही हसत होता.

मग एक दिवस पहाटे ती पट्टा सोडायची विसरली आणि तशीच नळावर गेली.

नळावर चार बायका. एकीनं हंडा खाली ठेवला. "गे शकू, हे काय हाताला?"

"काय न्हाई," शकुंतला म्हणाली. "शीर दबलीय."

बोलून झालं आणि तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. त्या बाईनं आपला हंडा उचलला आणि शकुंतलेच्या घागरीला लागू नये इतका बाजूला घेतला. बाकीच्याही जरा सरकल्या. कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलल्या असत्या तर परत काही बोलता तरी आलं असतं.

दुपारच्या आत लाडूअक्का हजर. तिचं सासर ओढ्यापलीकडंच. चप्पल काढायच्या आधी तिनं बोलायला सुरुवात केली.

"अक्कल गहाण ठेवलीस काय गे? पोरीचं लगीन म्हयन्यावर आलंय, आणि तू हाताला पट्टा बांधून गावभर मिरवतीस?"

"अक्का, डॉक्टरनं सांगितलंय. शीरच दबलीय. खरंच."

"मला ठावं हाय खरं हाय ते! पण गावाला कोण सांगणार? गुणाकाकाला काय झालं हुतं म्हणून सांगितलं आपण? आं? शीरच न्हवं? त्याच तोंडानं आता परत शीर म्हन. ऱ्हुपदीच्या कानावर जाऊं दे, ह्या घरात एक झाला, आता सुनेला लागलंय. मग बस कॅसलरॉकच्या गाड्या मोजत."

द्रुपदाबाईचं नाव अक्काच्या तोंडी नेहमीच असं मोडून यायचं. अक्काचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खरं बोलायची जागाच त्यांनी तीस वर्षांपूर्वी वापरून संपवली होती.

"रात्रीचाच बांधते मी," ती शेवटी म्हणाली.

"रात्री काय तुज्या घराला कुलूप असतं? पावणं येणार, ऱ्हाणार. बाया मांडवाला येणार. एकदा बघितलं तर मानसं इसरतात गे, दोनदा बघितलं की बोलत्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची." अक्कानं पट्टा घेतला, फडक्यात गुंडाळला आणि भाताच्या कणगीत खोल खुपसला. "म्हयनाभर. लगीन हुंदे, मग बांध दोन्ही हाताला. आणि उद्या सुपारीला जायचं. गोलात तुजी जागा रिकामी दिसाय नको."

शकुंतलेनं लखूकडं पाहिलं. लखू खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "म्हयनाभराचा तर प्रश्न हाय."

महिनाभराचाच प्रश्न होता. पण लग्नाला दहा-बारा दिवस उरले असताना दत्तप्रसादचा आजा वारला. घरातला कर्ता म्हातारा. द्रुपदाबाईनं निरोप धाडला की वर्षश्राद्ध झाल्याबिगर दारात मांडव घालायचा नाही, आमच्यात तसं नाही. सोयरीक कायम, घाबरू नका. पुढच्या मार्गशीर्षात बघू.

आणि कणगीतला पट्टा कणगीतच राहिला.

त्या साली शकुंतलेनं सबंध हंगाम सुपारी सोलली. बोटांना चिंध्या गुंडाळून सोलली. एकदा पात अंगठ्यात घुसली तेव्हा गोट्यांवर लाल दिसलं, शेजारणीनं काय म्हणून विचारलं, आणि तिनं पान खाल्ल्याचं सांगितलं. सुपारीच्या चिकानं हात काळे पडतात, त्या काळ्यात सगळं खपून गेलं. पावसाळ्याआधी तिनं एकदा लखूच्या मागं लागून जोयडा गाठलं. डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती, नवी यायची होती. बाकावर जरा वेळ बसून दोघं परत आली. कणगीत हात घालून पट्टा काढावा असं तिला कितीदा वाटलं, पण घरात मयूरीच्या साड्या जमत होत्या, रामनगरहून कुणी ना कुणी उठून येत होतं, आणि लखू रात्री कुशीवर वळून "ऱ्हाऊ दे गे" एवढंच म्हणायचा.

श्रावणात एक चमत्कार झाला. हात दुखायचा थांबला. मुंग्या गेल्या, रात्रीची जाग गेली, सगळं शांत. अक्कानं म्हाळसेला नारळ फोडला. "बगितलंस? देवाला काळजी. डॉक्टर काय, उगीच भ्या घालत्यात."

शकुंतलेलाही बरं वाटलं. मग भात लावणीच्या चिखलाचे हात धुताना तिनं दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले. डाव्या अंगठ्याखाली उंचवटा होता. उजव्या अंगठ्याखाली नव्हता. तिथं खळगा पडला होता, उशीतला कापूस निघून गेल्यासारखा. तिनं तो कुणाला दाखवला नाही. दाखवून काय करणार होती? हात दुखत नव्हता, कारण हातात आता दुखायला कुणी उरलं नव्हतं, हे तिचं तिला समजलं.

तेव्हापासून ती शिकत गेली. आंघोळीचं पाणी डाव्या हातानं बघायचं. भाकरी डाव्या हातानं उलटायची. मीठ डाव्या हातानं. मयूरी एकदा म्हणाली, "आई, तू डावरी कधी झालीस?" शकुंतला म्हणाली, "वय झालं की हात बदलतो." पोरीला ते पटलं. लग्न ठरलेल्या पोरीला काहीही पटतं.

मार्गशीर्ष आला. मांडव पडला, आंब्याचे टाळे बांधले. सकाळी धुकं इतकं की समोरचा फणस दिसेना. वऱ्हाड दोन जीपगाड्यांतून आलं, थंडीनं आखडलेलं. पाहुण्यांना चहा गेला, आणि मग पहिलं काम, विहिणीचे पाय.

ह्या लोकांत ती रीत मोठी. मुलीच्या आईनं मुलाच्या आईला पाटावर बसवायचं, परात मांडायची, आणि तिचे पाय धुवायचे. पाणी कोमट असावं लागतं आणि ते मुलीच्या आईनं सगळ्यांसमोर स्वतः कालवायचं, गरम-गार बघायचं, मगच ओतायचं. बायका भोवती बसून बघत असतात. पाणी गार असलं तर पुढं वर्षानुवर्षं म्हणतात, त्यांनी आमचं स्वागत गार केलं. आणि हात उजवाच. मंगलकार्यात विहिणीच्या पाण्याला डावा हात लागला तर मांडवात उभं राहायला नको.

शकुंतलेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं आदल्या दिवशीच अक्काला म्हटलं होतं, "पाणी तुमी कालवून द्या." अक्का म्हणाली होती, "आईनंच कालवायचं असतंय. उगी शंका नको कुणाला. दोन तांबे गार घाल, एक गरम. त्यात काय बघायचं?"

परसातल्या चुलवणावरचा हंडा पहाटेपासून रटरटत होता. एका पोरीनं त्यातली कळशी आणि कालवायला घमेलं आणून परातीशेजारी ठेवलं, गार पाण्याचा तांब्या ठेवला. एकच. दुसरा आणायला ती विसरली आणि गर्दीत मागं दबली गेली. द्रुपदाबाई पाटावर बसली. भारीतलं लुगडं, थंड पडलेले पाय. तिचा चेहरा चांगला होता, हसरा.

"इनबाई, थंडी मायंदाळ हाय तुमच्याकडं," ती म्हणाली.

"व्हय बाई, रानच पडलं," शकुंतला म्हणाली. तिनं घमेल्यात गरम ओतलं, गार ओतलं. तांब्या रिकामा झाला. आणखी गार मागायचं तर सगळ्यांसमोर हाक मारावी लागणार. वाफ येत होती, पण त्या धुक्यात सगळ्यांच्या तोंडातूनही वाफच येत होती. तिचा डावा हात आपसूक पुढं झाला. मागून अक्का पुटपुटली, "उजवा."

शकुंतलेनं उजवा हात घातला. अंगठा आणि दोन बोटं, आचमनाला धरावीत तशी. करंगळी पदराच्या टोकाशी आत मुडपलेली राहिली. बायका बघत होत्या. तिनं बोटं पाण्यात फिरवली. काही वाटेना. ना गरम, ना गार. आणि ना गरम ना गार, म्हणजे कोमट. तिला त्या क्षणी खरंच तसंच वाटलं.

तिनं घमेलं उचललं आणि विहिणीच्या दोन्ही पायांवर ओतलं.

द्रुपदाबाईची किंकाळी धुक्यात फणसापर्यंत गेली. ती पाटावरून मागं कोसळली. परात उलटली. कुणी गार पाणी आणायला धावलं, कुणी कोरफड तोडायला. पायांची कातडी लालबुंद झाली आणि बघता बघता घोट्याजवळ फोड उठले. शकुंतला घमेलं धरून तशीच बसली होती. द्रुपदाबाईच्या बहिणीनं तिच्या हातातलं घमेलं हिसकावलं आणि तिचा हात उघडा केला. बोटंही लाल झाली होती.

"हिनं हात घालून बघितलं की गे! मी बघितलं माज्या डोळ्यांनी. हिला भाजलं न्हाई?"

त्या बाईनं हात उलटसुलट केला. तव्याचे जुने डाग, पातीचे व्रण, अंगठ्याखालचा खळगा. तिनं तो हात टाकला आणि आपली बोटं लुगड्याला पुसली.

"शीर दबलीय तिची," अक्का म्हणाली. आवाज मोठा काढला, पण मध्येच फाटला.

वऱ्हाडात एक म्हातारा होता, ह्याच बाजूचा, पुढं रामनगरला गेलेला. तो खांबाशी बसून म्हणाला, "गुणाची बी शीरच दबली हुती न्हवं?"

झालं. मांडव मोकळा व्हायला लागला. मुलाकडची माणसं फणसाखाली जाऊन उभी राहिली, पोरांना ओढून बाजूला घेतलं. लखू टोपी हातात घेऊन तिकडं गेला, डॉक्टरणीनं काय सांगितलं ते सांगू लागला, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. घरात मयूरी हळदीच्या साडीत उभी होती. तिनं दारातून सगळं पाहिलं होतं.

मग दत्तप्रसाद आला. मुंडावळ्या कानामागं सारलेल्या, वीस-बावीस लोकांसमोरून सरळ चालत. तो शकुंतलेपुढं उकिडवा बसला आणि कुणाला न विचारता त्यानं तिचा हात हातात घेतला. डॉक्टरीणबाईनं घेतला होता तसा.

"मामी, रात्री मुंग्या यायच्या काय?"

तिनं मान हलवली.

"हात झाडला की बरं वाटायचं?"

"व्हय."

"आमच्या गँगमदी दोघांना हाय हे. खडी ठोकायच्या मशिनीनं हुतंय. रात्री पट्टा घालत्यात, साहेबानं काम बदलून दिलंय. एक तर पार बरा झाला." त्यानं मान वर केली. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "तुमाला डॉक्टरनं पट्टा दिला न्हाई?"

"दिला हुता."

"मग?"

शकुंतलेनं अक्काकडं पाहिलं नाही, लखूकडंही नाही. "तुमच्या नजरंला पडंल म्हणून," ती म्हणाली.

दत्तप्रसाद तिचा हात तसाच धरून राहिला. दारात मयूरीनं चौकटीला डोकं टेकलं. परसात नुसता हंडा रटरटत होता.

तो फणसाखाली गेला आणि भांडला. पोरगा भला होता. पण म्हाताऱ्यांचं एकच, तुझ्या गँगचं तू सांग, ह्यांच्या घरात गुणा होता ते आम्ही सांगतो. शेवटी बोलली ती द्रुपदाबाई, पायांना कोरफड लावून, दुखण्यानं डोळ्यांत पाणी. पोरीचा काय दोष, ती म्हणाली. लगीन हुंदे. पण आईनं कन्यादानाला बसायचं न्हाई. अक्षतेला हात लावायचा न्हाई. मोठ्या डॉक्टरचा दाखला हुईस्तवर आमच्या उंबऱ्याला यायचं न्हाई, आणि पोरगी बाळंतपणाला हितं येणार न्हाई.

लखूनं शकुंतलेला येऊन ते सांगितलं. सांगताना तो तिच्या हाताकडं बघत होता, तोंडाकडं नाही.

"बरं," शकुंतला म्हणाली.

कन्यादानाला लखूशेजारी लाडूअक्का बसली. शकुंतला परसात चुलवणापुढं बसून होती. मंगलाष्टकं तिला भिंतीमागून ऐकू आली, ताशा वाजला, अक्षता पत्र्यावर पडल्याचा बारीक आवाज आला. तिनं जाळ मागं ओढला, कारण पाणी आता कुणालाच नको होतं. जेवणाच्या पंक्ती उठल्या तेव्हा कुणाला तरी तिची आठवण झाली. पानात भात, वरण, बुंदी. एक लहान पोर ते घेऊन आली, आईनं शिकवलेलं असणार, पान दगडावर ठेवून चार पावलं मागं सरली.

"जेवलीस काय गो बाय?" शकुंतला म्हणाली.

पोर पळाली.

निघायची वेळ झाली. जीपगाड्या सुरू झाल्या. बायकांनी मयूरीला गराडा घातला, पुढून काढा, मागल्या दारानं नको. पण मयूरी त्यांच्या हातांतून सुटली आणि परसात आली, शालूचा काठ राखेत ओढत.

"माज्यासाठी केलंस तू हे?" ती ओरडली. "मला कोण विचारलं? एक पट्टा, आई! एक पट्टा घालायचा हुता! ह्यांना ठावं हुतं ते, त्यांनी बघून सोडलं असतं! तुला एवढं सांगता आलं न्हाई?"

"झालं ते झालं," शकुंतला म्हणाली. "जा. गाडी खोळंबलीय."

"नको लावू हात, मयूरी," मागून कुणीतरी म्हणालं. "इनबाई बगत्यात."

मयूरीनं आईचा उजवा हात दोन्ही हातांनी ओढला आणि आपल्या गालाला लावून धरला, घट्ट. ती हुंदके देत होती. शकुंतला बघत होती. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या अंगठ्यावरून गेलं, पुढच्या बोटावरून गेलं, त्याच्या शेजारच्या बोटावरून गेलं, काजळ मिसळलेलं, काळं. तिला दिसत होतं. लागत काही नव्हतं. गाल गरम आहे की गार, तेही कळत नव्हतं.

मग पाणी खाली ओघळत करंगळीपर्यंत आलं, आणि तिथं तेवढं तिला ओलं लागलं.